अस्वलदेवाच्या आतला श्वास

मित्रांनो, मला पाहून किंचाळलात तरी मी रागावणार नाही. लहान मुलांनी किंचाळावं म्हणूनच मला घडवलं होतं. मी एक रबराचा चेहरा आहे, वयानं बराच जुना, मूळचा अस्वलाचा. मला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. रायपूरच्या रेल्वे वसाहतीत एका घरी लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो, आणि तिथून पंख्याकडे बघत मी दिवस काढतो.

एक गुपित मात्र आधीच सांगून टाकतो. माझे सुळे बघून चांगल्या चांगल्यांची पाचावर धारण बसायची, पण खरा भित्रा होतो मी. लोक मला बाहेरून भ्यायचे, मी आतून भ्यायचो. माझ्या आत एक जिवंत माणूस असे. त्याचं नाक माझ्या नाकाच्या दोन भोकांना लागलेलं असे. त्या भोकांतली हवा थांबली तर त्याचा जीव माझ्या पोकळीत जाईल, ही भीती मला जन्मापासून होती. ती खरी ठरायची वेळही आली. तेच मला सांगायचं आहे, पण आधी माझा जन्म कसा झाला ते ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शहराला एकदम हुरूप आला होता. चौकाचौकात छत्तीसगढी सिनेमांची पोस्टरं लागत होती आणि दर गल्लीत एक तरी पोट्टा हीरो व्हायच्या तयारीत होता. ब्राह्मणपाऱ्यात, देवळामागच्या बोळात नरहरकाका राहत. त्यांचं घराणं आजोबांच्या काळात अमरावतीहून इकडं आलेलं. गणपतीच्या आधी ते मूर्ती घडवत आणि उरलेलं वर्ष नाटकवाल्यांना दाढ्या, मिशा, टोप आणि मुखवटे करून देत. माणूस तोंडाचा फटकळ, हाताचा मात्र फार हळुवार.

त्यांच्याकडे एक दिवस इंद्रजीत मेश्राम आला. त्याचे वडील तुळशीराम रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीचे डबे दुरुस्त करत. भंडाऱ्याकडून आलेलं बौद्ध कुटुंब, घर शिस्तीचं. सकाळी वंदना, संध्याकाळी अभ्यास. आणि अंगात येणं, उतारे, गंडेदोरे यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. अशा घरातल्या मुलाला नाटकाचा नाद लागला. अंगानं तो धिप्पाड होता, पण चेहरा इतका साधा की बघणारा पाठ फिरवताच विसरून जाई. हीरोचं काम त्याला कोणी देईना. एका बालनाट्यात अस्वल हवं होतं, ते मिळालं.

माणसाच्या मापाचा चेहरा करायचा तर आधी त्याच्या स्वतःच्या तोंडाचा साचा घ्यावा लागतो. ते मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा नव्हतोच. पण या घरात ते इतक्यांदा सांगितलं गेलं की मला पाहिल्यासारखं वाटतं. इंद्रजीतला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले, नाकात दोन नळ्या घातल्या आणि काकांनी त्याच्या सबंध तोंडावर प्लास्टर थापलं. डोळे गेले, कान बुजले, तोंड बंद झालं. उरल्या त्या दोन नळ्या. दाराशी त्याची नवी नवरी चेतना उभी होती. अस्वलाचा केसाळ अंगरखा शिवायचं काम तिनं घेतलं होतं, म्हणून ती सोबत आली होती. त्या पांढऱ्याफटक गोळ्यातून निघालेल्या नळ्या पाहून आणि त्यांतून येणारा शीळ घातल्यासारखा आवाज ऐकून ती पुढं धावली.

"काका, थांबवा हे," ती म्हणाली. "मले नाही पाहवत."

"मंग डोये मीट," काका म्हणाले. "आन त्याचा हात धर. जीव घाबरला तर तो हात दाबीन. दाबला का मी त्याच घडीले प्लास्टर फोडतो. साचा गेला चुलीत."

तिनं हात धरला. तो दाबला गेला नाही, आणि साचा नीट निघाला. पण तेव्हापासून इंद्रजीतच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की चेहऱ्याच्या आत असताना जीव घाबरला तर हात पुढं करायचा, कोणीतरी तो धरतंच.

काकांचा एक नियम होता. "मूर्तीचे डोये शेवटी, मुखवट्याचं नाक पयले," असं ते सांगत. मूर्तीत जीव यायचा असतो, मुखवट्यात तो आधीच असतो, असा त्यामागचा हिशोब. माझा गालही घडला नव्हता, कपाळही नव्हतं, तेव्हा त्यांनी मातीत माझ्या दोन नाकपुड्या कोरल्या. मग सुळे आले, भुवया आल्या, मग रबर ओतलं गेलं. शेवटी काळे केस एकेक करून सुईनं रोवले. मी तयार झालो तेव्हा काकांची नातवंडं मला बघून भोकाड पसरून रडली. माझी ती पहिली शाबासकी.

मला घालणं म्हणजे सोपं काम नव्हे. मी सबंध डोकं झाकतो, कानांसकट. मागं केसांच्या आड हुकांची रांग आहे. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती मला गोंदानं कातडीला चिकटवत, म्हणजे त्याचे ओठ हलले की माझेही हलत. वरून त्याच्या तोंडात सुळ्यांची कवळी. त्यामुळे त्याला ना धड ऐकू येई, ना बोलता येई. हातात नख्यांचे मोजे, म्हणून स्वतः मला काढताही येत नसे. एवढा मोठा गडी, पण एकदा माझ्या आत शिरला की तान्ह्या पोराइतका परस्वाधीन होई.

चेतनाताईंनी मग एक रीत पाडली. पडदा उघडण्याआधी त्या जवळ येत आणि हाताचा तळवा माझ्या नाकासमोर धरत. गरम हवा लागली की म्हणत, "हव, चालू हाय." मध्यंतरात पुन्हा तेच. मंडळी हसायची. कोणी म्हणे, भाभी भालूची नाडी बघून राहिली. ताई कोणाच्या हसण्याला भीक घालत नसत. मला मात्र त्या तळव्याचा फार आधार वाटे. निदान आणखी कोणीतरी माझ्याइतकं भीत होतं.

अस्वल गाजलं. चौबे कॉलोनीत गणपतीच्या कार्यक्रमात मी मंडपात शिरलो, तर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी पायातली चप्पल काढून मला फेकून मारली आणि नातवाला उचलून पळाले. पुढं अर्ध्या तासानं इंद्रजीत धुतल्या तोंडानं त्याच आजोबांशेजारी बसून चहा प्यायला. आजोबा त्याला सांगत होते, "तुम्ही नव्हते का? लय मोठा भालू आला होता!" इंद्रजीत मान डोलवत राहिला. घरी येऊन चेतनाताईंना म्हणाला, "मले कोणी ओळखत नाही. पण भ्यायले तर मलेच भ्याले ना?" त्यात त्याला मोठा आनंद होता, आणि थोडं दुःखही होतं, ते मला त्याच्या श्वासावरून कळलं होतं.

मग माझे हाल सुरू झाले. एका मंडळाला राक्षस हवा होता. माझे केस उपटले, शिंगं चिकटवली, हिरवा रंग फासला. पुढं कोणाला भूत हवं होतं, कोणाला वानर. एकदा तर मी परग्रहावरचा पाहुणा झालो, आणि त्या पाहुण्याला छत्तीसगढी गाण्यावर कंबर हलवून नाचावंही लागलं. दर वेळी जुन्या रंगावर नवा रंग, जुन्या रबरावर नवं रबर. मी जाड होत गेलो आणि आतली जागा कमी होत गेली. उन्हाळ्यात घाम हनुवटीशी साचे आणि इंद्रजीतनं मान खाली केली की नाकाकडे ओघळे. मग तो जोरात फुंकर मारून नाक मोकळं करी. प्रेक्षकांना वाटे, राक्षस फुत्कारतोय. टाळ्या पडत. इकडं माझा जीव टांगणीला.

नरहरकाका होते तोवर ठीक होतं. रंग कुठलाही चढो, ते आधी काडीला कापूस लावून माझ्या नाकपुड्या साफ करत. पण त्यांचे हात थरथरायला लागले आणि त्यांची मुलगी विजया त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाण्याच्या दिवशी ते आमच्याकडे आले, मला हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून माझ्या नाकातून आरपार पाहिलं. "मोकळं हाय," एवढंच म्हणाले. मला त्यांच्या पिशवीत बसून नागपूरला जावंसं वाटलं होतं.

त्यानंतर कामंही आटली. सिनेमावाले राक्षस, भुतं कॉम्प्युटरवर करायला लागले. मी पत्र्याच्या पेटीत गेलो, डांबरगोळ्यांच्या सोबतीनं. तिथं झुरळं माझ्या नाकातून येजा करत आणि अंधारात मला वाटे की मला सगळे विसरले. बाहेर इंद्रजीत एका दुकानात नोकरी करत होता, केस पांढरे होत होते. पेटीजवळ तो कधी कधी नुसता येऊन उभा राही. झाकण उघडत नसे.

आणि मग शेखरचा फोन आला. शेखर हा चौबे कॉलोनीतल्या मराठी घरातला मुलगा, आता सिनेमा दिग्दर्शित करणारा. मराठी त्याला समजे, उत्तर हिंदीत देई. त्याच्या सिनेमात जंगलातला एक अस्वलदेव होता आणि त्याला कॉम्प्युटरचं अस्वल नको होतं. "भैया, मुझे असली चाहिए," तो म्हणाला. "बचपन में आपको देखके मैं दो रात सोया नहीं था." झालं! इंद्रजीतचा चेहरा असा उजळला की चेतनाताईंना नाही म्हणवेना.

मला पेटीतून काढलं, धुतलं, पुन्हा काळे केस लावले. बाहेरगावाहून एक नवा मेकअपवाला आला होता. हात चलाख, पण काकांचा नियम त्याला कोण सांगणार? शेखरनं फर्मावलं, देवाचं तोंड उघडं, लाळ गळणारं दिसायला नको. गंभीर, मिटलेलं हवं. मेकअपवाल्यानं आतून रबराची पट्टी लावून माझे ओठ कायमचे बंद करून टाकले.

चेतनाताईंनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "मंग श्वास कुठून घेतीन ते?"

"दीदी, नाक है ना," शेखर म्हणाला. "दो मिनट का शॉट है. भैया, आपको दिक्कत है क्या?"

इंद्रजीतनं नाही म्हणून मान हलवली. त्याला दिक्कत होती, मित्रांनो. मला त्याच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी बोलावलं होतं, आणि नाही म्हटलं तर पुन्हा बोलावणार नाहीत, ही भीती त्याला गुदमरायच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

नवतपाचे दिवस होते, ज्येष्ठातले सर्वांत रणरणते. नव्या रायपूरच्या रुंद रिकाम्या रस्त्यांपलीकडे एका गावाच्या तळ्याकाठी शूटिंग होतं. दुपारचं ऊन असं की दूरच्या सरकारी इमारती थरथरताना दिसत. प्रसंग पूजेचा होता. गावकऱ्यांसमोर अस्वलदेव प्रकट होतो आणि ते त्याची पूजा करतात. शेखरला सगळं खरं हवं होतं, म्हणून गर्दीही खऱ्या गावकऱ्यांची, मांदर नावाचे ढोल वाजवणारेही खरे, आणि पूजा करायला गावाचा बैगाच बोलावलेला. बैगा म्हणजे गावदेवतेची पूजा ज्याच्याकडे असते तो. वयस्कर, शांत माणूस होता. शेखरनं त्याला एवढंच सांगितलं, "बबा, जैसे अपने देवता की करते हो, वैसे ही करना."

कॅमेरा चारी बाजूंनी फिरणार होता. म्हणून जे गावकऱ्यांसारखे दिसत नव्हते त्या सगळ्यांना जनरेटरच्या गाडीमागं पाठवलं. चेतनाताईंनाही. जाण्याआधी त्यांनी माझ्या नाकासमोर तळवा धरला. "हव, चालू हाय," म्हणाल्या, आणि मागं वळून बघत बघत गेल्या. एक फाटलेला अंगरखा आणि कैची घेऊन गाडीमागं शिवत बसल्या.

मांदर सुरू झाले. इंद्रजीत सावकाश पुढं आला आणि लोक खरोखरच मागं सरले. बैगा समोर आला. त्याच्या हातात तेलात कालवलेलं बंदन होतं, देवाला लावतात तो शेंदूर. आता तिथली रीत अशी की देवाला बंदन टिळ्यापुरतं लावत नाहीत, चोपडतात. वर्षानुवर्षं लेप चढत जातो आणि दगडाच्या देवाचे नाकडोळे दिसेनासे होतात. जितका जाड लेप, तितकी मोठी भक्ती. त्या भल्या माणसानं भक्तीत काही कमी ठेवलं नाही. त्यानं माझं कपाळ माखलं. मग अंगठा नाकावरून खाली ओढला. डावी नाकपुडी भरली. पुन्हा अंगठा बंदनात बुडवला आणि उजवी भरली.

मित्रांनो, जन्मभर ज्याची भीती बाळगली ते असं हळुवार अंगठ्यानं झालं.

इंद्रजीतनं फुंकर मारली. तेलकट बंदन हललं नाही. त्यानं आत हवा ओढली, ती आली नाही. आलं ते बंदन, आणखी आत. ओठ उघडायला गेला, ते मी चिकटून बंद केलेले. माझ्या आत त्याचे डोळे मोठे झाले. मला ओरडावंसं वाटत होतं आणि माझं तोंड तर पट्टीनं बंद होतं. त्यानं मान जोरजोरात हलवली, नख्यांच्या मोज्यांनी मला ओरबाडलं. नख्या रबरावरून घसरल्या. तो गुडघ्यांवर आला आणि मागं-पुढं झुलू लागला.

आणि कोणीतरी ओरडलं, "देवता चढ़गे! देवता चढ़गे!"

त्यांना वाटलं, त्याच्या अंगात आलं. त्या गावात देव अंगात आला की माणूस असाच झुलतो, असाच मान हलवतो. अशा वेळी त्याला हात लावायचा नसतो, हात जोडायचे असतात. सगळ्यांनी हात जोडले. मांदर जोरात घुमू लागले. बायका गाऊ लागल्या. कोणी धुपाचं मडकं आणून अगदी जवळ ठेवलं. शेखरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कट मत करना," तो पुटपुटत होता, "कोई कट मत करना."

तेव्हा इंद्रजीतनं हात पुढं केला. मला ठाऊक होतं तो का. जीव घाबरला की हात पुढं करायचा, कोणीतरी तो धरतं, मग प्लास्टर फोडतात. त्याचा हात हवेत चाचपडत होता, दाबायला दुसरा हात शोधत होता. एका म्हातारीनं पुढं होऊन त्या हातात नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

तो नारळ त्यानं दाबला. खूप जोरानं दाबला, आणि मग त्याची पकड सैल होत गेली.

गाडीमागं चेतनाताईंनी मांदरांचा ताल बदललेला ऐकला, पाठोपाठ ती आरोळी ऐकली. "देवता चढ़गे." त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. तुळशीराम मेश्रामांच्या घरातल्या माणसाच्या अंगात काही येऊ शकतं, तर ते आजारपण. त्या हातातल्या कैचीसकट धावत सुटल्या. लोकांना काय दिसलं असेल सांगा! देव प्रकट झालेला आणि एक बाई कैची घेऊन त्याच्यावर धावून येतेय. बायकांनी त्यांचा पदर धरला, बैगानं शिवू नको म्हणत मनगट पकडलं.

"झन छू बेटी, देवता हे!"

"देवता नाही, माहा नवरा हाय तो!" ताई किंचाळल्या. "आमच्या घरी कोनाच्या आंगात येत नाही! मरून राहिला ना तो, सोडा मले!"

मनगट सुटेना. तेव्हा त्यांनी दुसरा हात झटक्यानं पुढं करून माझ्या नाकासमोर धरला. हवा नव्हती. बैगा ते बघत होता. त्यानं माझ्या नाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या शेंदरी अंगठ्याकडे पाहिलं, आणि ताईंचं मनगट सोडलं.

ताईंनी कैचीचं टोक माझ्या ओठांच्या कोपऱ्यात खुपसलं. जाड होतो ना मी, कापला जाईना. किती थर! राक्षसाचा थर, भुताचा थर, वानराचा थर. फाडा मला, फाडा, बाई, मी मनात आक्रोश करत होतो, या माणसाला माझ्यातून काढा. बैगानं माझी एक कड दोन्ही हातांनी धरली आणि बाहेर खेचली, ताईंनी दुसरी खेचली. मी ओठापासून कानापर्यंत फाटलो. आत गरम हवा शिरली, धुपाचा धूर शिरला. आणि मी ऐकला तो आवाज. इंद्रजीतनं श्वास घेतला. मोठा, खरखरीत, रडल्यासारखा. आजवर मला मिळालेल्या सगळ्या टाळ्या त्यापुढं काहीच नव्हेत.

त्याला सावलीत नेलं. ताई वारा घालत होत्या आणि रडत होत्या आणि त्याला शिव्याही देत होत्या, काहून हो म्हटलं म्हणून. बैगा आपल्या गमछ्यानं त्याच्या नाकाभोवतीचं बंदन पुसत होता आणि आपल्याला ठाऊक नव्हतं असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मोला पता नइ रिहिस, बेटी." शेखर मातीत बसून होता. कोणी कोणाला दोष दिला नाही. द्यायचा तरी कोणाला? कोणाच्याच मनात वाईट नव्हतं, आणि तरी माणूस जवळजवळ गेला होता. त्या दिवसापासून मला वाईट माणसांची तेवढी भीती वाटत नाही, जेवढी हात जोडून उभ्या राहिलेल्या चांगल्या माणसांची वाटते.

पुढं कित्येक महिने इंद्रजीत डोक्यावरून घालायचा बनियनही घालू शकत नसे. बटणांचेच सदरे घाली. तोंडावर पांघरूण आलं की दचकून उठे. मला वाटलं, संपलं आमचं काम. पण ज्याला भालू व्हायची चटक लागली त्याला दुकानात कसं करमणार? दोनेक वर्षांनी शेखर स्वतः घरी आला, खाली मान घालून. सोबत नवा चेहरा, हलका, तोंड उघडं, हुकांऐवजी एका ओढीत सुटणारा.  इंद्रजीत चेतनाताईंकडे बघत होता.

"येतीन ते," ताई म्हणाल्या. "पण पयले माहं ऐकावं लागीन सगळ्यांले."

तेव्हापासून मला नवं काम लागलं. शूटिंगच्या पहिल्या दिवशी ताई मला पिशवीतून काढतात. लाइटवाले, चहावाले, गर्दीत उभी राहणारी माणसं, सगळ्यांना गोळा करतात, आणि मला उंच धरून हिंदीत सांगतात, "ये देखो. इसके अंदर मेरा आदमी था. कुछ भी लगे, एक्टिंग लगे, देवता लगे, पहले फाड़ना. पूछना मत. बाद में मेरे को गाली दे देना." मग प्रत्येकाला माझ्या फाटक्या गालात हात घालून बघायला लावतात. हसणारे हसायचे थांबतात.

मागच्या हिवाळ्यात एक मोठा प्रसंग होता. राक्षस बाण लागून तडफडत मरतो. इंद्रजीत असा तडफडला, असा तडफडला, की मलाही ते खरं वाटलं. त्याच क्षणी एक लाइटवाला दिवा सोडून धावत गेला आणि त्यानं तो कोरा करकरीत नवा चेहरा टराटरा फाडून काढला. आतून घामेजलेला, पुरता धडधाकट इंद्रजीत बाहेर आला. "अरे, मी अॅक्टिंग करून राहिलो होतो ना!" तो ओरडला. सगळं शूटिंग ठप्प. शेखरनं कपाळाला हात लावला. लाइटवाला बिचारा पांढरा पडला, आता नोकरी गेली म्हणून. चेतनाताई पुढं आल्या, त्याला हाताला धरून सावलीत नेलं आणि आपला डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. तो जेवत होता तोवर त्या शेजारी बसून राहिल्या. 

तो फाटका चेहराही आता माझ्या शेजारी कपाटावर असतो. जवान आहे, जरा घुम्या. परवा त्यानं मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला का फाडलं?"

"आत माणूस मरत होता म्हणून," मी म्हटलं. "आणि तुला?"

"मरतोय असं वाटलं म्हणून."

 मित्रांनो, मी त्याला म्हटलं की पोरा, तू माझ्यापेक्षा नशीबवान आहेस. तुम्हालाही मी एवढंच सांगेन. कोणी राक्षसाच्या आत असेल, कोणी देवाच्या आत असेल. आतलं माणूस गुदमरतंय अशी नुसती शंका आली, तरी हात जोडून उभे राहू नका. शंका खोटी निघाली तर फार तर लोक हसतील आणि एक चेहरा वाया जाईल. चेहरे पुन्हा करता येतात.